जाळायचं नाही, भोकं पाडायची

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजला की ते नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डॉक्टरांच्या बोलण्यात हा ‘एएफ’, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. धडधड, धाप असतेच. पण खरी भीती साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूकडे जाण्याची.

1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या गटानं दाखवून दिलं की, गोंधळाची ठिणगी बहुतेकदा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांमध्ये पडते. मग या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं कडं करून ठिणगी आतच कोंडायची, हा उपचार रूढ झाला. कडं करायला उष्णता, नाहीतर गोठवणारी थंडी. पंचाईत अशी की, कप्प्याच्या पाठीशीच अन्ननलिका असते आणि उष्णता शेजार बघून थांबत नाही.

खरं तर 1982 मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन शाइनमन यांनी कॅथेटर या बारीक नळीतून थेट विजेचा झटका देऊन हृदयातला विद्युतमार्ग तोडला होता. पण त्या झटक्यानं आत दाबाचा धक्का बसे. उष्णतेनं व्रण करणाऱ्या रेडिओलहरी आल्या आणि ही पद्धत मागे पडली. तीच वीज आता बारीक तुकडे होऊन परतली आहे.

जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर चढवतात, दोन कप्प्यांमधला पडदा भेदून डावीकडे नेतात. एका प्रकारात त्याचं टोक शिरेच्या तोंडाशी पाकळ्यांसारखं उघडतं. मग सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतक्या स्पंदांची माळ सुटते. दाब हजार-दोन हजार व्होल्टचा. ऊती फारशी तापत नाही. पेशींच्या पटलाला सूक्ष्म छिद्रं पडतात, आतबाहेरचा तोल जातो आणि पेशी मरते. हृदयस्नायूच्या पेशी अन्ननलिकेच्या मानानं लवकर बळी पडतात. सारी भिस्त त्यावरच.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅडव्हेंट’ चाचणीत 607 रुग्ण होते. वर्षभरानं यश नव्या पद्धतीत 73.3 टक्के, जुन्यात 71.3. म्हणजे गुणाला उजवी नव्हे, तोडीस तोड. वेळ मात्र कमी लागतो. ‘बिनधोक’ म्हणण्यात अर्थ नाही: हृदयाची धमनी आकसू शकते, तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

आणि ठोके ताळ्यावर आले म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करू नका. ती किती काळ घ्यायची हे पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं; तो निर्णय डॉक्टरांवरच सोडा.