वेग सारखाच, किंमत तिप्पट : अमेरिकन स्पोर्ट्स कार आणि युरोपच्या ग्रँड टूररमध्ये नेमका फरक काय?

यूट्यूबवर ड्रॅग रेसचे व्हिडिओ बघणाऱ्यांना एक भांडण तोंडपाठ असतं. एका बाजूला अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट, दुसऱ्या बाजूला इंग्लंडची बेन्टली नाहीतर अ‍ॅस्टन मार्टिन. सिग्नल पडतो, कॉर्व्हेट पुढं निघते आणि खाली कमेंटमध्ये सुरू होतं, एवढे पैसे घालून बेन्टली घेणारे वेडे आहेत का?

आकडे बघितले तर प्रश्न चुकीचा वाटत नाही. २०२० सालची कॉर्व्हेट सी८ अमेरिकेत ६० हजार डॉलरच्या आत सुरू व्हायची. झेड५१ पॅकेज घेतलं तर शून्य ते ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर, २.९ सेकंदांत. त्याच काळातल्या बारा सिलिंडरच्या बेन्टली कॉन्टिनेन्टल जीटीला तेवढ्यालाच ३.६ सेकंद लागायचे आणि किंमत होती २ लाख डॉलरच्या वर. वजन कॉर्व्हेटपेक्षा सुमारे ६०० किलोंनी जास्त.

मग २ लाख डॉलरवाले मूर्ख? तसं नाही. ही तुलनाच अर्धवट आहे. या दोन गाड्या दोन वेगळ्या कामांसाठी जन्माला आल्या आणि त्यांचा आकार ठरवला तो त्यांच्या देशातल्या रस्त्यांनी, पेट्रोलनं आणि सगळ्यात जास्त सरकारी करानं.

सुरुवात नावापासून. ग्रँड टूरर किंवा जीटी म्हणजे इटालियन भाषेतलं ग्रान तुरिझ्मो. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांची पोरं शिक्षण झालं की फ्रान्स, स्वित्झर्लंड करत इटलीपर्यंत भटकायला जायची. त्या प्रवासाला ग्रँड टूर म्हणायचे. घोडागाडी गेली, मोटार आली, पण हौस तीच राहिली. दोन माणसं, त्यांच्या बॅगा आणि एका दमात अर्धा युरोप.

ही हौस कुठल्या थराला जायची याचा किस्सा १९३० चा. वुल्फ बार्नाटो हा तेव्हा बेन्टली कंपनीचा चेअरमन. घराण्याचा पैसा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांचा. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून कॅलेपर्यंत धावणारी ‘ब्लू ट्रेन’ ही आलिशान रेल्वे तेव्हा फार गाजत होती. बार्नाटोनं पैज लावली, ट्रेन कॅलेला पोचायच्या आत आपण गाडीनं थेट लंडन गाठायचं. कान शहरातून तो निघाला, रात्रभर पाऊस आणि धुक्यातून गाडी हाणली, बोटीनं खाडी ओलांडली आणि ट्रेन कॅलेला लागायच्या काही मिनिटं आधी लंडनमधल्या आपल्या क्लबात हजर झाला.

आता यात शून्य ते साठ किती सेकंदांत, याला काडीचं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते याला की वीस-बावीस तासांनंतर गाडी गरम होऊन बंद पडली नाही आणि उतरणाऱ्या माणसाची पाठ शाबूत होती. जीटीचं सगळं गणित इथं आहे. जाड काचा, आवाज अडवणारे थर, बसायला सोफ्यासारखी सीट, सामानाला जागा. हे सगळं घातलं की वजन वाढतं. वजन वाढलं की ते ओढायला इंजिन मोठं लागतं. जर्मनीच्या ऑटोबानवर आजही बऱ्याच पट्ट्यांत वेगमर्यादा नाही, त्यामुळं ताशी २०० च्या वर तासन् तास चालवायची सोय असलेली गाडी तिथं उगाच शोभेची ठरत नाही.

आता कराचा विषय. हा भारतात कुणालाही पटकन कळेल.

पहिली स्विफ्ट डिझायर २००८ ला आली तेव्हा तिची लांबी चार मीटरच्या वर होती. २०१२ च्या मॉडेलला तिची डिकी अचानक छाटल्यासारखी आखूड झाली. कारण सरळ होतं. चार मीटरच्या आत आणि ठराविक सीसीच्या खाली राहिलं की एक्साइज कमी लागायची. डिझाइनरला तसं आवडलं म्हणून डिकी कापलेली नव्हती.

युरोपात हेच गेली शंभर वर्षं इंजिनाच्या बाबतीत चालू आहे. इंग्लंडमध्ये १९२१ पासून गाडीवर हॉर्सपॉवरमागं एक पौंड कर होता. पण ही हॉर्सपॉवर खरीखुरी मोजायचे नाहीत. सिलिंडर किती आणि त्यांचा व्यास किती, एवढंच बघून सूत्रानं काढायचे. पिस्टन वरखाली किती अंतर जातो हे त्यात धरलेलंच नव्हतं. झालं, इंग्रज इंजिनिअरांनी बारीक आणि उंच सिलिंडरची इंजिनं बनवायला घेतली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस हा कर गेला, पण तोवर दोन पिढ्यांना तशीच सवय लागली होती.

इटलीनं तर याहून कहर केला. सत्तरच्या दशकात तिथं दोन लीटरच्या वरच्या गाड्यांना दुपटीहून जास्त दरानं कर लागायला लागला. तेव्हा खुद्द फेरारीनं आपल्या देशातल्या गिऱ्हाइकांसाठी दोन लीटरच्या आत बसणारं आठ सिलिंडरचं इंजिन बनवलं. १९७५ ची फेरारी २०८ जीटी४ ती हीच. फेरारी घ्यायची, पण कर वाचवून.

थोडक्यात, युरोपात पेट्रोल महाग, मोठं इंजिन महाग. ताकद हवी असेल तर छोट्या इंजिनाला जास्त वेगानं फिरवा. फेरारी २५० च्या नावातला २५० हा आकडा याचा पुरावा आहे. एका सिलिंडरची क्षमता साधारण २५० सीसी. असे बारा सिलिंडर, मिळून तीन लीटरपेक्षा कमी. तेवढं नाजूक काम हातानं जुळवायचं म्हणजे किंमत वाढणारच.

अमेरिकेत यातलं काहीच नव्हतं. पेट्रोल पाण्याच्या भावात, करात सीसीचा काच नाही, रस्ते सरळ आणि रुंद. १९५६ ला आयझेनहॉवर यांच्या काळात हायवेचा कायदा झाला आणि देशभर इंटरस्टेटचं जाळं विणायला सुरुवात झाली. पण त्या रस्त्यांवर वेगमर्यादा होती आणि १९७४ नंतर तर ती देशभर ताशी ५५ मैलांवर आली. म्हणजे गाडी ताशी २५० नं चालवायला जागाच नाही. मग मजा कुठं? एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. ड्रॅग रेसचं अंतर हेच आहे आणि अमेरिकन गाडीची परीक्षा इथंच झाली. आजच्या यूट्यूब व्हिडिओत बेन्टली हरते, तेव्हा ती मुळात दुसऱ्याच्या अंगणात खेळत असते.

गंमत म्हणजे कॉर्व्हेटची कल्पना आली ती युरोपकडं बघूनच. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना इंग्लंडच्या एमजीसारख्या छोट्या उघड्या गाड्यांची चटक लागली होती. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांनी हे हेरलं आणि जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात कॉर्व्हेट लोकांपुढं ठेवली. बॉडी फायबर ग्लासची, दिसायला झकास. पण इंजिन सहा सिलिंडरचं साधं, गिअर दोनच आणि तेही ऑटोमॅटिक, दाराला बाहेरून हँडल नाही, खिडकीला वरखाली होणारी काच नाही. पहिल्या वर्षी ३०० गाड्या बनल्या. १९५५ ला फोर्डनं थंडरबर्ड आणली, ती १६ हजारांवर गेली आणि त्या वर्षी कॉर्व्हेट बनल्या फक्त ७००.

गाडी बंद पडायच्या बेतात होती. ती वाचली त्यात मोठा वाटा एका युरोपातल्या माणसाचा.

झोरा आर्कस-डुंटोव्ह. जन्म बेल्जियममधला, आईवडील रशियन ज्यू. नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत पोचलेला हा इंजिनिअर. त्यानं ती कॉर्व्हेट प्रदर्शनात बघितली, रूपावर भाळला आणि जनरल मोटर्समध्ये नोकरीला लागला. शेव्हरोलेच्या तरण्या गिऱ्हाइकांना नक्की काय हवंय हे त्यानं वरिष्ठांना लेखी कळवलं. १९५५ ला कॉर्व्हेटमध्ये व्ही८ इंजिन बसलं, ४.३ लीटरचं. आठ सिलिंडर, प्रत्येकी अर्ध्या लीटरहून मोठा. फेरारीच्या बरोबर उलटी रीत.

या इंजिनाला युरोपचे लोक कायम हसत आले. कारण त्यात पुशरॉड आहेत. जुन्या बुलेटचं इंजिन खोललेलं बघितलं असेल तर समजेल. कॅम खाली असतो आणि तिथून लांब दांड्या वरच्या व्हॉल्व्हना ढकलतात. युरोपच्या भारी इंजिनांत कॅम थेट डोक्यावर, व्ही आकाराचं इंजिन असेल तर चार-चार. ते जास्त वेगानं फिरतं, त्यामुळं कमी सीसीत जास्त ताकद देतं.

पण ते डोकं आकारानं मोठं होतं, हे विसरलं जातं. पुशरॉडवाल्या इंजिनात एकच कॅम मधल्या खोबणीत बसतो, वर काही नसतं. म्हणून सहा लीटरचं अमेरिकन इंजिन बाहेरून चार कॅमच्या लहान इंजिनापेक्षाही आटोपशीर निघू शकतं. बॉनेट खाली ठेवता येतं, वजन खाली राहतं आणि सुटे भाग कमी असल्यानं दुरुस्ती स्वस्त. शिवाय त्याच घराण्याची इंजिनं शेव्हरोलेच्या पिकअप ट्रकमध्ये बसतात, त्यामुळं खर्च लाखो गाड्यांवर वाटला जातो. ६० हजार डॉलरचं रहस्य निम्मं इथं आहे.

कमानपाट्यांचंही तसंच. ट्रकला असतात तसे पाटे कॉर्व्हेटला आहेत म्हणून खूप थट्टा व्हायची. पण नंतरच्या कॉर्व्हेटमधला पाटा लोखंडी नव्हता. फायबरचा एकच आडवा पाटा, लोखंडापेक्षा कितीतरी हलका. २०१९ पर्यंत तो टिकला.

मग कुणाच्या तरी मनात येणारच की अमेरिकेचं स्वस्त, दणकट इंजिन घ्यावं आणि त्यावर युरोपचा साज चढवावा. फ्रान्समध्ये नेमकं हेच झालं. युद्धानंतर तिथल्या सरकारनं मोठ्या इंजिनांवर जबर कर लावला आणि डेलाहे, बुगाटीसारखी जुनी घराणी आटोपली. भारी गाडीत घालायला फ्रेंच इंजिनच उरलं नाही. झ्याँ दानिनोस यांची कंपनी दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी पत्रे ठोकून द्यायची. १९५४ ला त्यांनी स्वतःची आलिशान जीटी काढली, फासेल व्हेगा. आत क्रायस्लरचं व्ही८. डॅशबोर्ड लाकडाचा वाटायचा, पण तो होता पत्र्यावर रंगवलेला. पिकासोकडं ही गाडी होती, रेसर स्टर्लिंग मॉसकडं होती.

४ जानेवारी १९६० ला पॅरिसकडं येणारी अशीच एक फासेल व्हेगा रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. शेजारच्या सीटवर बसलेले नोबेलविजेते लेखक आल्बेर कामू जागीच गेले. वय ४६. खिशात रेल्वेचं न वापरलेलं तिकीट सापडलं. गाडी चालवणारे त्यांचे प्रकाशक मिशेल गालिमार काही दिवसांनी वारले. अपघात नेमका कशानं झाला यावर आजही वाद घालणारे आहेत.

कंपनी मेली ती मात्र वेगळ्याच कारणानं. दानिनोस यांना परक्या इंजिनाची खंत होती. त्यांनी फासेलिया नावाची छोटी गाडी काढली, इंजिन अस्सल फ्रेंच, १.६ लीटर, दोन कॅम डोक्यावर. पिस्टन जळायला लागले, गिऱ्हाइकं गाड्या परत आणायला लागली, वॉरंटीचा खर्च डोईजड झाला. शेवटी व्होल्व्होचं इंजिन घातलं, पण उशीर झाला होता. १९६४ ला टाळं लागलं. जोवर हृदय अमेरिकन होतं तोवर गाडी धड चालत होती, असं कुणी म्हटलं तर खोडून काढणं अवघड आहे. इटलीच्या इसो ग्रिफोनं पुढं थेट कॉर्व्हेटचंच इंजिन बसवलं, इंग्लंडच्या जेन्सननं क्रायस्लरचं.

तिकडं डुंटोव्हचा एक हट्ट अपुरा राहिला. त्याला कॉर्व्हेटचं इंजिन सीटच्या मागं हवं होतं, रेसच्या गाड्यांसारखं. साठच्या दशकापासून त्यानं प्रयोगाच्या गाड्या बनवून दाखवल्या. वरच्यांचं म्हणणं एकच, आहे ती गाडी विकली जातीय, मग खर्च कशाला? १९७५ ला तो निवृत्त झाला, १९९६ ला वारला.

इंजिन मागं असलेली सी८ आली जुलै २०१९ मध्ये. तिचा गिअरबॉक्स ड्युअल क्लच आहे, उजवीकडं स्टिअरिंग असलेली कारखान्यातून आलेली ही पहिलीच कॉर्व्हेट आणि मागच्या डिकीत गोल्फच्या दोन बॅगा बसतात. तरी साध्या मॉडेलमध्ये पुशरॉड तसेच आहेत. बेन्टलीनं तिचं बारा सिलिंडरचं इंजिन २०२४ मध्ये बंद केलं.

सी८ बनते केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावात. कारखान्याजवळच कॉर्व्हेटचं म्युझियम आहे. डुंटोव्हच्या अस्थी तिथंच ठेवलेल्या आहेत.