मंचाच्या कडेवरून : टाळ वाजत राहिले तर

अध्यक्षीय समारोप आटोपता कसा ठेवावा, हे या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढे ढकलतो. अकलूजकडच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलंय आणि त्याला आधी उत्तर दिलं पाहिजे. सर लिहितात : "तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. वक्त्यांना आधी फोन केले, टेबलं काढून खुर्च्या अर्धगोलात मांडल्या, प्रास्ताविक कापलं. तरी दुसऱ्या वक्त्यांनी दहा मिनिटांची पस्तीस केली. मी चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती माइकवर वाचून दाखवली, लोक हसले आणि त्यांना आणखी चेव आला. आता काय करू?"

चिठ्ठीचं हे असंच होतं. चिठ्ठी, टेबलावरची घंटी, सूत्रसंचालकानं वक्त्याच्या खांद्याशी येऊन उभं राहणं, हे सगळे उपाय वक्त्याला एकच गोष्ट सांगतात : तुम्ही नकोसे झालात. ज्याला हे ऐकवलं जातं तो थांबत नाही, आपण नकोसे नाही हे सिद्ध करायला लागतो. मग "चिठ्ठी आलीय, पण हा मुद्दा महत्त्वाचा आहे" हे वाक्य येतं आणि टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की सूत्रसंचालकाच्या हातात काही उरत नाही.

थांबवायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर मला खरं तर आमच्या गावात, वेळापूरला, दरवर्षी आषाढी वारीत दिसत आलंय. माळशिरसहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी खुडूसचं रिंगण करून दुपारनंतर वेळापूरच्या अलीकडच्या माळावर येते. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरी उतारावरून धावा करतात. तिथं भारूडही होतं. बाहेरगावच्या छायाचित्रकारांची गर्दी तेवढ्यापुरती असते. मला ओढ असते ती त्यानंतरच्या, तळावरच्या समाजआरतीची, आणि तिच्यातही आरतीच्या आधीच्या पाऊण-एक घटकेची.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पालखी तळाच्या मध्यभागी येते. दिंड्या आपापल्या क्रमानं तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ एवढा असतो की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. मग चोपदार चांदीचा चोप वर करतात आणि लांबलचक "हो" देतात. एवढा मोठा जनसमुदाय, आणि काही क्षणांत टाळ थांबतात.

पण सगळे थांबत नाहीत. आणि गंमत इथंच आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. हा उद्धटपणा समजला जात नाही. तक्रार मांडायची ती ठरलेली रीत आहे. चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातात, विचारपूस करतात. कुणाचा चालण्याचा क्रम मोडला, कुणाच्या पाण्याच्या टँकरचं बिनसलं, कुणाची राहुटीची जागा दुसऱ्यानं घेतली. जागच्या जागी सुटण्यासारखं असेल तर तिथंच सुटतं, नसेल तर सोहळ्याच्या मालकांपुढे आणि आळंदी संस्थानापुढे न्यायचं ठरतं. दिंडीचं समाधान झालं की तिचे टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता हलणार ते सांगतात, आणि त्यानंतर आरती होते.

लोक या शांततेचं श्रेय शिस्तीला देतात. हा पालखी सोहळा सुरू करणारे हैबतबाबा आरफळकर शिंदे सरकारच्या पदरी होते, म्हणून त्यांनी सोहळ्याला लष्करी वळण लावलं, असं सांगतात. ते खरंच आहे, पण अर्धं. वाजत राहण्याची मुभा आहे म्हणून उरलेले थांबतात, असं मला वाटतं. आपल्यावर अन्याय झाला तर आपले टाळ ऐकू येतील आणि चोपदार आपल्याकडे चालत येतील, ही खात्री प्रत्येक दिंडीला असते. उद्या ही मुभा काढून घ्या आणि चोप दुप्पट उंच करा; मग किती टाळ थांबतात ते बघा.

आता आपल्या परिसंवादाचा क्रम आठवा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं, अध्यक्षीय भाषण आणि "वेळ उरल्यास प्रश्नोत्तरे". आरती आधी, तक्रार शेवटी, आणि तीही उरल्यास. समोर बसलेल्याला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग तो मोबाइल काढतो किंवा चहाच्या पातेल्याकडे नजर लावतो. मंचावर बसलेल्यांच्याही तक्रारी असतात, ते आपण विसरतो. पत्रिकेत नाव तिसरं छापलं. मंत्रिमहोदय उशिरा आले आणि यांची वीस मिनिटं खाऊन गेले. आधीच्या वक्त्यानं नाव न घेता टोमणा मारला. अशा माणसाला माइक मिळाला की तो विषय मांडत नाही, टाळ वाजवतो. तुमची चिठ्ठी म्हणजे वर झालेला चोप. पण त्याच्या तक्रारीकडे चालत कुणी गेलेलंच नसतं.

आमच्या भागात परिसंवाद म्हटलं की बहुतेक वेळा ऊस. खत कंपनीचा मांडव, कारखान्याचे शेतकी अधिकारी, कृषी महाविद्यालयाचे एक तज्ज्ञ, एक प्रगतिशील शेतकरी. विषय पत्रिकेवर असतो 'एकरी शंभर टन'. तज्ज्ञ सांगतात, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळू नका. सरीत दाबा, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाका, जिवाणू सोडा, जमिनीचा कर्ब वाढेल. शेतकी अधिकारी माना डोलावतात. समोरचे तीनशे लोकही डोलावतात, आणि घरी जाऊन पाचट पेटवतात.

का पेटवतात? ते विचारायला कुणी माइक पुढे करत नाही. एकदा अशा मांडवात आम्ही उलटं करून पाहिलं. लोक येऊन बसत होते, चहा चालू होता, तेव्हाच दोन पोरं कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन फिरवली आणि सांगितलं, 'पाचट का जाळता एवढंच लिहा, नाव नको.' बरंच जमलं. पाचटात उंदीर होतात. पाटपाणी पुढे सरकत नाही. शेजाऱ्यानं त्याचं पेटवलं तर माझ्या खोडव्यालाही आग लागते. ऊस तोडायलाच उशीर होतो. कारखाना वेळेत नेत नाही, मग पाचट कुजवायचं कधी आणि खोडव्याला पाणी द्यायचं कधी? एकानं लिहिलं होतं, 'तोडणीची टोळी म्हणते जाळून द्या, तोडायला सोपं जातं.'

सत्कार बाजूला ठेवून या चिठ्ठ्या आधी वाचल्या. तज्ज्ञांनी आणलेलं भाषण खिशातच राहिलं, कारण त्यातलं अर्धं या प्रश्नांना लागूच नव्हतं. शेतकी अधिकाऱ्यांना तोडणी कार्यक्रमावर उत्तर द्यावं लागलं. ते अवघडले, पण बोलले. शेतकरी वक्त्यांनी सांगितलं की एक आड एक सरीत पाचट ठेवून मोकळ्या सरीतून पाणी काढता येतं. त्यावर तज्ज्ञ आणि ते यांच्यात जे जुंपलं, तो त्या दिवसाचा खरा परिसंवाद. कुणालाही चिठ्ठी पाठवावी लागली नाही. उत्तर देणारा माणूस भाषण करणाऱ्यापेक्षा कमी बोलतो. उत्तर संपलं की त्याचं त्यालाच कळतं; भाषण संपलं हे मात्र दुसऱ्यानं सांगावं लागतं.

आपल्याकडे परिसंवादाची चार भाषणं होतात, याचं खापर मी एकट्या वक्त्यांवर फोडत नाही. मराठी माणसाचा कान व्याख्यानावर तयार झालाय. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे तालुक्यातालुक्याला त्या धर्तीवर माला निघाल्या. एक वक्ता, एक विषय, एक संध्याकाळ. फार चांगली चाल. कीर्तनाचीही तीच. पण त्या चालीत वाढलेल्या वक्त्याला इतर तिघांबरोबर बसवलं की तो आपल्या संध्याकाळचा चौथा हिस्सा मागतो, आणि मनात मात्र संध्याकाळ अख्खीच असते.

मांडवातली तक्रार कार्यक्रमपत्रिकेत घेतलीच नाही तर ती कुठून तरी बाहेर येतेच. कराडचं 1975चं साहित्य संमेलन आठवा. देशात आणीबाणी. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, त्या वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्री. सगळ्यांच्या मनात जे होतं ते पत्रिकेवर कुठं छापणार? ते आलं थेट अध्यक्षांच्या तोंडून. दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू रोखठोक मांडली आणि जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला उभं केलं. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. तिथं टाळ वाजवणारी दिंडी आणि चोप हातात असलेली व्यक्ती एकच होती. असं रोज घडत नाही, आणि ऊस परिसंवादात घडावं अशी माझी अपेक्षाही नाही.

एक आक्षेप मीच घेतो. चोपदारांच्या हातात पिढ्यानपिढ्यांचा मान आहे, समोरच्या सगळ्यांना एकाच गावी जायचंय. सूत्रसंचालकाला तो मान कुठून आणायचा? समोरचा एक कर्ज मंजूर होईल का ते विचारायला आलाय, दुसरा जेवणासाठी, तिसऱ्याला फोटोत यायचंय. कबूल. म्हणून तर सूत्रसंचालकानं काम मंचावर सुरू करून चालत नाही. तो लोकांमध्ये फिरलेला, चार तक्रारी कानावर घेतलेला माणूस असला पाहिजे. आपल्याकडे निवेदक बहुधा मंचामागच्या खोलीत चारोळ्या पाठ करत असतो.

खोट्या तक्रारींचं काय? असतात. माइक हातात आला की स्वतःच्या बांधाचं भांडण काढणारे प्रत्येक गावात दोघं-तिघं असतात. चोपदारही प्रत्येक दिंडीच्या मनासारखं करत नाहीत. ऐकून घेतात आणि कधी 'हे इथं नाही, तळ उठल्यावर बसू' असं सांगतात. बांधवाल्याला एवढं सांगितलं तर पुरतं. त्याचं भांडण मांडवात कुणी सोडवणार नाही हे त्यालाही माहीत असतं.

तर सर, तुमचे ते दुसरे वक्ते. चिठ्ठी कितव्या मिनिटाला पाठवली याचा विचार सोडा. त्यांना आदल्या फोनवर तुम्ही काय विचारलं होतं? विषय, वेळ, गाडी कुठं पाठवायची, एवढंच ना? पुढच्या वेळी आणखी दोन गोष्टी विचारा : 'तुमच्या आधी हे हे बोलणार आहेत, त्यातलं काय तुम्हाला पटणार नाही?' आणि 'आमच्याकडून कुठं काही राहिलंय का?' दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण "छे छे" म्हणतात आणि मग दहा मिनिटं सांगतात. ती दहा मिनिटं फोनवर गेलेली बरी. पहिल्याचं उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि त्यांना माइक देताना तेच विचारा. चिठ्ठी पाठवायची वेळ आलीच तर तिच्यावर 'वेळ संपली' लिहू नका. समोरच्या एखाद्या शेतकऱ्याचा प्रश्न लिहा, आणि त्यांनी चिठ्ठी माइकवर वाचून दाखवली तर वाचू द्या.

जाता जाता एक. आमच्या वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ पाहायला येणारे मला शाहिरांच्या कलगीतुऱ्याबद्दल विचारतात, कारण कलगीवाले शक्तीला थोर मानतात आणि तुरेवाले शिवाला, आणि इथं दोघं एकाच मूर्तीत उभे. सोलापूरच्या शाहीर राम जोशींचा वारसा सांगणाऱ्या या मुलखात सवाल-जवाबांच्या रात्री रंगत. समोरच्याचा सवाल डावलून आपलंच कवन रेटणाऱ्याला तिथं बैठकीनं हरलेला धरलं असतं. मंचावरच्या चार खुर्च्यांना हा दंडक लावता येईल का, याचा विचार डोक्यात घोळतोय.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष. नक्की. सवाल-जवाब मध्येच घुसला नाही तर.