काल्पनिक भूमीचा नकाशा: आधी पाणी, मग गावे

१८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन सावत्र मुलासोबत चित्रे रंगवत बसे. त्यातच त्याने एका बेटाचा नकाशा काढला. असे बेट कुठेच नव्हते, पण नकाशा न्याहाळता न्याहाळता त्याला त्यावरची माणसे दिसू लागली आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी सुरू झाली. पुढे पुस्तक छापताना प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा गहाळ झाला. मग आपल्याच कादंबरीतला एकेक उल्लेख टिपून, अंतरे जुळवून त्याला नवा नकाशा तयार करावा लागला. तो त्याला शेवटपर्यंत खरा वाटला नाही. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो: आधी भूमी, मग तिच्यातून उगवणारी गोष्ट.

आज हा छंद संगणकावर जोपासता येतो. ‘इंकार्नेट’ ब्राउझरमध्येच चालते, ‘वंडरड्राफ्ट’ संगणकावर उतरवून घ्यावे लागते. ‘अझगार’चा फॅन्टसी मॅप जनरेटर मोफत आहे आणि एका क्लिकवर अख्खे जग मांडून देतो. कादंबरी लिहिणारे, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारखे खेळ खेळणारे आणि नुसतीच नकाशांची ओढ असणारे असे सगळे ही साधने वापरतात. डोंगर, झाडे, किल्ले यांची तयार चित्रे त्यांत असतात. ती ओळीने उमटवत गेले की अर्ध्या तासात पान भरते. भरलेले पान आणि पटणारी भूमी यांत मात्र बरेच अंतर असते, आणि ते कापायचे तर पाण्याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

एक बेट घेऊ आणि टप्प्याटप्प्याने पुढे जाऊ. कॅनव्हास साधारण ५००० बाय ३५०० पिक्सेलचा ठेवावा आणि प्रमाण पहिल्याच दिवशी ठरवावे: एक पिक्सेल म्हणजे २०० मीटर. आपले बेट दक्षिणोत्तर ६०० किलोमीटर आणि रुंदीला ३५० किलोमीटर धरू. पायी चालणारा माणूस दिवसाला २५ किलोमीटर गेला, तर या टोकापासून त्या टोकाला पोचायला त्याला २४ दिवस लागतील. हा हिशेब आधीच लिहून ठेवला की कथेतला घोडेस्वार एका रात्रीत राज्य ओलांडत नाही.

किनाऱ्याला फार वेळ देऊ नये. बेन्वा मँडेलब्रॉटने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन दाखवले की मोजपट्टी जितकी लहान, तितकी किनाऱ्याची लांबी वाढत जाते, कारण प्रत्येक वळणात आणखी बारीक वळणे दडलेली असतात. सॉफ्टवेअरमधला खडबडीत कडेचा ब्रश हेच काम करतो. एवढेच पाहावे की किनारा सगळीकडे सारखाच दंतुर होऊ नये. डोंगर समुद्राला भिडतो तिथे तो तुटक असावा, सपाट प्रदेशात सरळ आणि वाळूचा.

डोंगर सुटे विखरू नयेत. हिमालयासारख्या रांगा भूपट्टांच्या टकरीतून उभ्या राहतात, म्हणून त्या लांबलचक असतात आणि त्यांना पायथ्याच्या टेकड्यांची साथ असते. दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे: एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला हळूहळू उतरत जाणारे पठार. आपल्या बेटाला हाच प्रकार देऊ. रांग पश्चिम किनाऱ्याजवळून जाईल आणि पूर्वेकडे लांब उतार असेल.

आता वारा. तो पश्चिमेकडून येतो असे ठरवले की अर्धा नकाशा आपोआप ठरतो. ढग रांगेवर चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात, पलीकडे पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो जेमतेम पाचशे. बेटावरही तसेच: पश्चिम उतारावर घनदाट जंगल, माथ्यावर धुके, पूर्वेला काटेरी माळरान. ते जंगल माळावर उमटवायचा मोह आवरावा.

सर्वांत जास्त नकाशे बिघडतात ते नद्यांमुळे. नवखा माणूस नदी डोंगरातून काढतो, मधेच तिचे दोन भाग करतो आणि दोन्ही वेगवेगळ्या समुद्रांना नेऊन पोचवतो. खऱ्या नद्या एकमेकींना मिळत जातात; फुटतात त्या बहुधा मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. अपवाद आहेत, पण दुर्मीळ. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीचे काही पाणी कासिकियारे या प्रवाहातून रिओ नेग्रोला आणि तिच्यामार्फत ॲमेझॉनला मिळते. तळ्याचेही तसेच: आत येणारे प्रवाह कितीही असोत, बाहेर जाणारा बहुधा एकच, कारण काठावरची सर्वांत खालची जागा एकच असते.

म्हणून नदीआधी जलविभाजक रेषा काढावी. वेगळ्या लेयरवर भडक लाल रंगाने रांगांचे माथे जोडत न्यावेत. या रेषेला कोणतीही नदी ओलांडत नाही. मग मुखापासून सुरुवात करून उगमाकडे जावे आणि झाडाला फांद्या फुटाव्यात तशा उपनद्या जोडाव्यात. उपनदी मुख्य नदीला जिथे मिळते, तिथला लघुकोन वरच्या, म्हणजे उगमाकडच्या बाजूला असू द्यावा. उगमाशी रेघ केसासारखी बारीक, मुखाशी रुंद. काम झाले की लाल लेयर लपवावा. आपल्या बेटावर मोठ्या नद्या पश्चिमेच्या रांगेत उगम पावून पूर्वेकडे जातील, आणि हे मुळीच विचित्र नाही: कृष्णेच्या उगमापासून अरबी समुद्र सुमारे ६५ किलोमीटरवर आहे, तरी ती जवळपास १४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेच्या नद्या आखूड, वेगवान आणि खाडीत संपणाऱ्या होतील.

अझगारचा जनरेटर हेच गणिताने करतो. नकाशा हजारो छोट्या बहुभुजांत वाटलेला असतो. प्रत्येकाला उंची असते, वारा जाता जाता त्यावर पाऊस टाकतो आणि साठलेले पाणी शेजारच्या सर्वांत खालच्या बहुभुजाकडे ढकलले जाते. पाणी पुरेसे जमले की तिथे नदी दिसू लागते. वाऱ्याची दिशा बदलून पाहावी, वाळवंट जागा सोडताना दिसते. भूगोलाचा इतका चांगला धडा मला क्वचितच दुसरीकडे मिळाला आहे. त्याने वाटून दिलेली राज्ये आणि ठेवलेली नावे मात्र मी घेत नाही. त्याचा आराखडा खाली ठेवून वरून हाताने गिरवणे मला जास्त आवडते.

पाणी बसले की वस्त्या जागा मागून घेतात. संगमावर एक, मुखाशी बंदर. पश्चिमेला खाडीच्या आतल्या टोकाशी, होड्या पोचतात तिथे एक पेठ आणि घाट चढून गेल्यावर माथ्यावर दुसरी. चिपळूणला वाशिष्ठीच्या खाडीतून आलेला माल कुंभार्ली घाटाने वर जाई, त्याच तर्काने.

डोंगरांना छाया देताना प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून येतो असे मानावे. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी सूर्य तिथे क्वचितच असतो, तरीही नकाशाकार हीच रीत पाळतात. प्रकाश खालून आला तर डोळ्याला डोंगर दरीसारखा आणि दरी डोंगरासारखी भासू लागते.

नावे मराठीत लिहायची तर खास काळजी हवी, आणि ती मराठीतच लिहावीत असा माझा आग्रह आहे. रोमन नकाशांत पर्वतरांगेचे नाव अक्षरे दूर दूर टाकून रांगभर पसरवतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि काना-वेलांट्या अक्षरांपासून सुटतात. त्याऐवजी शब्द अखंड ठेवावा आणि दोन शब्दांमधली जागा वाढवावी: ‘करवंदीची’ उत्तरेला, ‘रांग’ दक्षिणेला, दोन्ही एकाच वळणावर. वळण सौम्य असावे, नाहीतर शिरोरेषेला सांधे दिसतात. नकाशाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरेच फुटतात, ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला ‘क्’ आणि सुटा ‘ष’ उमटतो. अशा वेळी नावांविना नकाशा पीएनजी म्हणून बाहेर काढावा आणि ‘इंकस्केप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नावे घालावीत; तिथे जोडाक्षरे नीट येतात आणि वळणावर मजकूरही बसवता येतो. अक्षरांमागे कागदाच्या रंगाची बारीक कड दिली की डोंगरांच्या छायेत मात्रा आणि अनुस्वार हरवत नाहीत.

सुरुवातीला निवडलेला कॅनव्हास आता उपयोगी पडतो: ३०० डीपीआयने तो जवळजवळ नेमका ए-थ्री कागदावर मावतो. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून सर्वांत लहान गावाचे नाव हातभर अंतरावरून वाचून पाहावे. पडद्यावर मोठे करून पाहताना हा दोष कळत नाही. छापखान्यात देण्याआधी अक्षरांचे रेषांमध्ये रूपांतर करावे, म्हणजे तिथे तो फाँट नसला तरी बिघडत नाही. सगळे लेयर सुटे असलेली मूळ फाइल मात्र वेगळी ठेवावी, कारण कथा पुढे सरकली की एखादे गाव घाटापलीकडे न्यावेच लागते.