पिशवी कुजते, पण कुठे?

आमच्या फरसाणाच्या दुकानात हिरव्या अक्षरांची पिशवी दिली की गिऱ्हाईक आधी ती बोटांनी चोळून बघतं. लागते मऊ, जराशी पिठूळ. "फाटणार नाही ना, ताई?" हा पहिला प्रश्न. ती कुजते कशी, हे क्वचितच कुणी विचारतं. पिशवी खपायला तेवढी हिरवी अक्षरं पुरतात.

जून २०१८मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड. तेव्हापासून आम्ही दुकानदार अशा पिशव्यांकडे वळलो. निसर्गप्रेम वगैरे नंतरचं, आधी दंड.

अमेरिकेत याच्या उलट घडलं होतं. 'सनचिप्स'च्या कुरकुरीत वेफर्सना मक्यापासून केलेल्या, कुजणाऱ्या पीएलए प्लास्टिकचं पाकीट आलं. पण ते हातात धरलं की इतकं करकरायचं, की लोक वैतागले, फेसबुकवर त्याची टर उडवू लागले. कंपनीनं २०१०मध्येच बहुतेक चवींसाठी पुन्हा जुनं पाकीट आणलं. मला यात नवल वाटत नाही. माणूस वेष्टन कानानं आणि बोटांनीच पारखतो. पोटात काय आहे ते कळायला प्रयोगशाळा लागते.

आणि पोटातली भानगड मोठी आहे. पीएलए बनतं मका किंवा उसाच्या साखरेपासून. ती आंबवून लॅक्टिक आम्ल करतात, दह्याला आंबटपणा देतं तेच, आणि त्याच्या लांब साखळ्या जोडतात. पण ते नीट कुजायला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली ५८ अंशांच्या आसपासची उष्णता बरेच दिवस लागते. गॅलरीतल्या कुंडीत ती कुठून येणार? ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन करतात. त्याचा कच्चा माल शेतातला, पण ते साध्या पॉलिथिनसारखंच, कुजतच नाही. उलट पीबीएटी हे प्लास्टिक मुख्यतः खनिज तेलातून येतं आणि तरी कुजतं. अनेक मऊ पिशव्यांत स्टार्चसोबत तेच असतं. म्हणजे 'कशापासून केली' आणि 'कुजते का' हे दोन वेगळे प्रश्न.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पिशव्या माती, समुद्र आणि उघड्या हवेत ठेवून पाहिल्या. २०१९मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. 'जैवविघटनशील' म्हणून विकलेली पिशवी मातीत आणि समुद्रात तीन वर्षं राहूनही बाजारहाट पेलत होती. 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही होती. फक्त तिच्यात वजन पेलायची ताकद उरली नव्हती.

आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पिशवीवर ते बघा, नुसतं पान रंगवलेलं असेल तर सोडा. पण प्रमाणपत्र खरं असलं तरी पुढचा मुक्काम घंटागाडी. तिथे ही पिशवी ओल्यात टाकायची की सुक्यात? कचरा वेचणाऱ्या मावशी तिला बाजूला टाकतात, कारण भंगारवाला तिला भाव देत नाही. पीईटी प्लास्टिकच्या बाटल्यांत पीएलए मिसळलं तर उलट बाटल्यांचा पुनर्वापर बिघडतो.

हल्ली आम्ही कोरडा चिवडा कागदात देतो आणि घरून डबा आणणाऱ्याला मूठभर शेव वर घालतो. मागे एक विक्रेता पीएलएचे पेले घेऊन आला होता. "वापरून झाल्यावर गोळा कोण करणार?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, घाऊक घेतलेत तर दरात सूट देतो."