पिकअपचे पाटे वाढवावेत काय? माल वाहणाऱ्या दुकानदारांसाठी काही हिशोबाच्या गोष्टी

सोलापुरात चादर-टॉवेलचा धंदा करणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांच्या दारात आज एखादी पिकअप किंवा २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, उभा असतोच. कारखान्यातून गाठी उचलायच्या, कधी हैदराबादच्या, कधी लातूरच्या, कधी गुलबर्ग्याच्या बाजारात पोहोचवायच्या. गाडी नवी असते तोवर सर्व ठीक चालते. वर्ष-दोन वर्षांत माल भरला की मागची बाजू बसू लागते, टायर मडगार्डला घासतो, खड्ड्यात ‘धाड’ असा आवाज येतो. मग आपण गॅरेजवर जातो. मिस्त्री खाली वाकून पाहतो आणि म्हणतो, “शेठ, दोन पाटे वाढवून टाकू, गाडी वर येईल.” आपण मान हलवतो. या मान हलवण्याआधी काय विचार करायला हवा, ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. हे आम्ही इंजिनियर म्हणून लिहीत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. पण या बाबतीत आम्ही एकदा चूक केली आहे आणि थोडक्यात बचावलो आहोत.

आधी पाटा म्हणजे काय

चेसी आणि एक्सल यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, तोच पाटा. गाडीचे आणि मालाचे वजन तीच पेलते. शेजारी जो शॉकअप असतो तो वजन पेलत नाही, कमानीची उसळी आवरणे एवढेच त्याचे काम. म्हणून गाडी बसली की शॉकअप बदलणाऱ्याचे पैसे वाया जातात. गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहिली तर दोष शॉकअपचा. गाडी उभी असतानाच मागे झुकलेली दिसली तर दोष पाट्याचा किंवा वजनाचा.

दुसरी गोष्ट. रिकामी पिकअप मागून थोडी उंच दिसते. काही तरुण मंडळींना ते बरे दिसत नाही आणि ती पुढून उचलून सपाट करून घेण्याची हौस असते. अमेरिकेत पिकअप पुढून दोन-अडीच इंच उचलण्याचा किंवा सगळीच उंच करण्याचा मोठा धंदा चालतो, त्याचे अनुकरण इकडेही होऊ लागले आहे. पण मागची उंची हा दोष नाही. माल भरल्यावर गाडी सपाट व्हावी म्हणूनच कंपनीने ती तशी ठेवलेली असते. रिकामी असतानाच सपाट केलेली गाडी माल भरल्यावर नाक वर करून चालते.

कच्च्या रस्त्याने खेड्यात जाणारे म्हणतात, गाडी उंच केली तर खालून घासणार नाही. हेही अर्धेच खरे आहे. आपल्या पिकअपच्या मागच्या एक्सलचा गोळा हाच बहुधा सर्वांत खालचा भाग असतो, आणि पाटे वाढवल्याने चेसी वर जाते, गोळा जागीच राहतो.

पहिला खर्च गॅरेजात नको, वजनकाट्यावर करा

आमचा पहिला मशवरा हा की नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी संपूर्ण गाडीचे वजन घ्या. नंतर फक्त मागची चाके काट्यावर ठेवून पुन्हा वजन घ्या. दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि आरसी बुकातील एकूण वजनाशी ताडून पाहा.

हिशोब असा करावा. समजा, आरसी बुकात मालासह एकूण वजन २८०० किलो आणि रिकाम्या गाडीचे १६०० किलो लिहिले आहे. उरले १२०० किलो. यात चालक आणि क्लीनर यांचे १४० किलो धरा. ताडपत्री, दोरखंड, जॅक, जादा सामान यांचे ६० किलो धरा. मालासाठी १००० किलोच राहिले. ७० किलोची एक गाठ असेल तर १४ गाठी भरतात, म्हणजे ९८० किलो. आपण मात्र हौद्यात जागा दिसते म्हणून २० गाठी चढवतो आणि मग म्हणतो, पाटे नरम आहेत.

पाटे कितीही वाढवा, आरसी बुकातील वजन एका किलोनेही वाढत नाही. पाट्याने फक्त गाडी वर दिसते. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसी ही सर्व जुन्याच वजनासाठी बनलेली असतात. पाटा मोडण्याआधी निदान बसून इशारा तरी देतो. तो इशारा बंद केला की पुढचा मोडणारा भाग चेसी असतो.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम १९४ नुसार जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च मालकाच्या माथी, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, अशीही तरतूद आहे. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातील नोंद जुळणार नाही असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका कडकपणे मांडली. म्हणून पाट्यापलीकडचा कोणताही बदल आरटीओत विचारल्याशिवाय करू नये. अपघात झाल्यावर विमा कंपनीही हाच प्रश्न आधी विचारते.

माल कसा रचावा

वजन हिशोबात असूनही गाडी मागे बसत असेल तर गाठी रचण्याकडे पाहा. बहुतेक ठिकाणी हमाल सोय पाहून फाळक्याकडे वजनदार गाठी ठेवतात, कारण त्या आधी उतरवायच्या असतात. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि माल १००० किलो आहे. मालाच्या वजनाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर मागच्या चाकांवर ९०० किलो आणि पुढच्यांवर १०० किलो पडतात. तोच मध्य ३० सेंटिमीटर मागे गेला तर मागच्या चाकांवर ११०० किलो पडतात आणि पुढची चाके उलट १०० किलोंनी हलकी होतात. माल तोच, पाटे तेच, आणि मागच्या पाट्यांवर २०० किलोंचा फरक! पुढची चाके हलकी झाली की स्टीअरिंगही हलके लागते आणि गाडी भरकटते. म्हणून वजनदार गाठी केबिनला टेकवून खाली आणि हलका माल मागे, वर रचावा. या उपायाला एक पैसाही पडत नाही.

पाट्यांची तपासणी

यानंतर गॅरेजवर जावे. रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी टेपने मोजावे. माल भरून पुन्हा मोजावे. डावी-उजवीकडे फरक असेल तर एका बाजूचा पाटा तुटलेला किंवा मेलेला आहे. पाट्यांमधील माती घासून तडा शोधावा. बुश, शॅकल आणि मधला बोल्ट पाहावा. पुष्कळदा एकच पाटा तुटलेला निघतो. तेव्हा तुटलेले बदलून कंपनीच्या मापाचा नवा संच टाकणे हाच खरा इलाज आहे.

जुन्या पाट्याला ठोकून पुन्हा बाक देण्याचे काम स्वस्तात होते, पण योग्य उष्णता आणि पाणी न मिळाल्यास तो काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा तडकतो.

वाढवायचेच असेल तर

वजन हिशोबात आहे, रचना नीट आहे, पाटे चांगले आहेत आणि तरीही रोज पूर्ण माल वाहायचा असल्याने थोडी मदत हवी आहे, अशा मालकांनी खालील फरक समजून घ्यावा.

जादा पाटा : सहा सारख्या पाट्यांत त्याच जाडीचा सातवा घातला तर कडकपणा साधारण सहाव्या हिश्श्याने वाढतो. हे सोसवते. पण मिस्त्री जाड पाटा घालतो तेव्हा सावध राहावे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा म्हणजे तो एक पाटा जवळजवळ दुप्पट कडक. रिकामी गाडी मग दगडासारखी उडते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके सरकतात.

मदतीचा पाटा : हा मुख्य कमानीपासून थोडा अलग असतो आणि गाडी ठरावीक इतकी बसल्यावरच काम करू लागतो. ज्यांची गाडी एक फेरी भरून आणि एक फेरी रिकामी करते त्यांना हाच बरा.

हवेचे फुगे : माल असताना हवा भरायची, नसताना कमी करायची. सोय चांगली, पण दोन्ही बाजूंची हवा रोज पाहावी लागते आणि सर्व भार चेसीच्या एकाच जागेवर येतो.

ठोकळा किंवा लांब शॅकल : यांनी गाडी फक्त उंच होते, ताकद वाढत नाही. दोन इंच लांब शॅकल लावली तर गाडी जेमतेम एक इंच उठते आणि आडवी डुलू लागते. पुढच्या एक्सलखाली ठोकळा कधीही लावू देऊ नये, आणि मागेही एकावर एक दोन ठोकळे नकोत.

कोणतेही काम केले तरी यू-बोल्ट नवे घालावेत आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्यावेत. पुढची बाजू हलवली असेल तर व्हील अलाइनमेंट करावेच लागते.

ब्रेकची कांडी : आमची चूक

आता आमची हकीकत. काही वर्षांपूर्वी आम्ही शहरातील एका गॅरेजात दोन्ही बाजूंना जाड पाटे वाढवून घेतले. गाडी मस्त उंच झाली, आम्ही खूश. पुढच्या महिन्यात लातूरच्या बाजारातून न विकलेला माल घेऊन गाडी परतत होती. तुळजापूरचा घाट उतरताना चालकाला ब्रेक कमी लागत असल्याचे जाणवले. पुढच्या चाकांतून धूर आणि जळका वास येऊ लागला. तो शहाणा होता. त्याने गिअर खाली पाडून गाडी कडेला घेतली आणि चाकांना दगड लावले. क्लीनर म्हणून आमचा पुतण्या सोबत होता.

दुसऱ्या मिस्त्रीने कारण दाखवले. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी एक वॉल्व्ह चेसीला बसवलेला असतो आणि त्याची कांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसी खाली येते, कांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी मिळतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. आमची गाडी जाड पाट्यांमुळे भरलेली असूनही खाली आलीच नव्हती. वॉल्व्हला वाटले गाडी रिकामी आहे. सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर आला आणि ती तापून गेली.

म्हणून पाट्यांचे कोणतेही काम केल्यावर मिस्त्रीला विचारा : “या गाडीत कांडीचा वॉल्व्ह आहे काय? तो कंपनीच्या मापाने लावला काय?” उत्तर गोलमाल आले तर त्या कंपनीच्या अधिकृत केंद्रात तपासून घ्या. आम्ही ते पाटे काढून मूळ संच आणि मदतीचा पाटा टाकला, आणि कांडी जुळवून घेतली.

उलट, बसलेली गाडी तशीच चालवण्यातही दुसऱ्याच्या जिवाचा धोका आहे. मागची बाजू ५ सेंटिमीटर जास्त बसली तर ३ मीटरच्या अंतरात दिव्यांचा झोत इतका वर उचलतो की ६० मीटरवर तो १ मीटर उंच जातो. समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट डोळ्यांत! पाट्यांचे काम झाले की दिवेही माल भरूनच जुळवावेत.

थोडक्यात क्रम असा ठेवावा : आधी काटा, मग रचना, मग तपासणी, मग कंपनीचा संच, आणि सर्वांत शेवटी मदतीचा पाटा. एवढे करूनही माल मावत नसेल तर गाडी छोटी पडते असे समजावे आणि दुसरी फेरी करावी किंवा मोठी गाडी घ्यावी. दुसऱ्या फेरीच्या डिझेलचा हिशोब आम्ही वहीत लिहू शकतो. घाटात पुतण्या गेला असता तर तो कोणत्या खात्यावर लिहिला असता?