रातांब्याचें बर्फाळ सरबत

वैशाख सरत आला कीं कोंकणांतील रातांब्याखालीं रोज सकाळीं लाल फळांचा सडा पडूं लागतो. हंगाम एप्रिल-मे महिन्यांचा. परंतु उशिरा पिकणारीं झाडें मृगाच्या पावसांत सांपडतात, आणि भिजलेल्या सालीचीं आमसुलें धड वाळतहि नाहींत व टिकतहि नाहींत. ज्याच्या परड्यांत चार-सहाच झाडें आहेत, त्याच्या अशा फळांस गिऱ्हाईक मिळत नाहीं. एका वर्षीं नेहमीच्या व्यापाऱ्यानें आमची ओलीं फळें उचलण्याचें नाकारलें व तीं झाडाखालींच कुजलीं. त्याच आठवड्यांत मुंबईहून सुटीस आलेल्या घरच्या मुलांसाठीं तालुक्याच्या बाजारांतून लाल रंगाच्या पाकाची बाटली मात्र पैसे मोजून आणली गेली. ही गोष्ट आमच्या मनास फार लागली.

मुलांस हवें होतें तें साधें कोकम सरबत नव्हे. चमच्यानें खातां यावें आणि नळीनें ओढतांहि यावें असें अर्धवट गोठलेलें पेय शहरांत ‘स्लश’ या नांवानें मिळतें, तें त्यांस पाहिजे होतें. त्यानंतर दोन उन्हाळे आम्हीं तें घरीं करून पाहिलें. आमच्या चुकांसह तो अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें पेय अर्धवट कां गोठतें तें समजून घेतलें पाहिजे. तें समजलें म्हणजे प्रमाण चुकत नाहीं. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठून एकसंध दगड होतें. पाण्यांत साखर असली म्हणजे गोठण्याचा अंश खालीं जातो. शेंकडा १५ भाग साखर असल्यास सुमारें एक अंशानें. मौज पुढेंच आहे. गोठतांना बर्फाचा कण साखरेस आपल्यांत घेत नाहीं. म्हणून जसजसा बर्फ होतो तसतसें उरलेलें पाणी अधिकाधिक गोड होत जातें आणि गोठण्यास अधिकाधिक थंडी मागतें. अशा रीतीनें बर्फाचे कण आणि दाट रस एकमेकांत मिसळून राहतात. साखर फार कमी पडली तर सरबताचा दगड होतो. फार झाली तर तें पातळ राहतें. शिवाय थंडीनें जीभ बधिर होते व गोडी कमी भासते. याकरितां गोठविण्यापूर्वीं सरबत चाखल्यास तें किंचित् अधिक गोड लागलें पाहिजे.

आतां कृति. पूर्ण पिकलेलीं, न फुटलेलीं फळें धुवून चिरावीं व बिया गरासह निराळ्या ठेवाव्या. साल फळाच्या साधारण निम्म्या वजनाची भरते. २५० ग्रॅम ताज्या सालीचे तुकडे अर्धा लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चार तास भिजवावे, हातानें चांगले कुस्करावे आणि रस फडक्यांतून गाळून घ्यावा. त्यांत १५० ग्रॅम साखर विरघळवून व उकळून निवविलेलें पाणी घालून एकंदर एक लिटर करावें. चिमूटभर मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड आवडीप्रमाणें. रातांब्याची आंबटी धातूस खाते. तेव्हां भांडें स्टीलचें, कांचेचें किंवा चिनी मातीचें असावें. बिनकल्हईचें पितळ कटाक्षानें टाळावें.

घरांत आगळ तयार असतां ही खटपट कशाला, असें प्रथम आम्हांसहि वाटलें होतें. पहिल्या वेळीं आम्हीं बरणींतील आगळच पाणी व साखर घालून वापरला. आगळ टिकविण्यासाठीं मीठ भरपूर घातलेलें असतें, आणि मीठ हें गोठण्याचा अंश साखरेपेक्षां कितीतरी अधिक खालीं नेतें. सरबत तासन्‌तास पातळच राहिलें. जें थोडें गोठलें त्याच्या भोंवतालचा रस इतका खारट झाला कीं मुलांनीं पेले तसेच परत केले. आगळ सोलकढीसाठीं ठेवावा हें बरें.

ज्यांच्या घरीं शीतकपाट आहे त्यांनीं हा रस पसरट थाळ्यांत दोन बोटें खोलीचा ओतून बर्फाच्या कप्प्यांत ठेवावा. तासाभरानें कडा गोठूं लागतात. त्या कांट्यानें खरवडून मध्यें ढकलाव्या, आणि पुढें दर अर्ध्या तासानें असेंच करावें. तीन तासांच्या सुमारास पेय होतें. ढवळण्याचा आळस केल्यास कण मोठे होतात व दांतांखालीं कचकचतात.

परंतु आमच्या भागांत वळवाच्या वाऱ्याबरोबर वीज जाते, म्हणून जुना पॉटच अधिक भरंवशाचा. लांकडी बादलींत मध्यें रसाचा डबा ठेवून भोंवतीं फोडलेला बर्फ तीन भाग व जाडें मीठ एक भाग, असे थर द्यावे. मीठ बर्फास वितळविण्यास लावतें. वितळतांना बर्फ उष्णता ओढून घेतो, आणि हें मिश्रण शून्याखालीं वीस अंशांच्या आसपास उतरूं शकतें. एक लिटर रसास गणितानें किलोभर बर्फहि पुरेल; पण उन्हाळ्याची हवा आपला वांटा घेतेच, म्हणून तीन किलो धरावा. डबा काठोकाठ भरूं नये, आणि झांकण उघडण्यापूर्वीं भोंवतालचें खारें पाणी पुसून घ्यावें.

हा बर्फ केवळ डब्याबाहेरचा. कारखान्यांतील लादी पुष्कळदां मासळी राखण्यासाठीं केलेली असते. ती पिण्याच्या पाण्याची असेलच असें नाहीं. महाराष्ट्रांत अन्न व औषध प्रशासनानें २०१८ सालीं अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम केला तो याचकरितां. गोठल्यानें रोगजंतू मरतात ही समजूतहि खोटी आहे. ते थंडींत नुसते थबकून राहतात. म्हणूनच वर पाणी उकळून घेण्यास सांगितलें. आणखी एक: साखरेऐवजीं ग्लिसरॉल घालून केलेलें असें पेय कांहीं देशांत विकलें जातें व त्यानें लहान मुलें आजारी पडलेलीं आहेत, ब्रिटनच्या अन्नविषयक खात्यानें २०२५ सालीं सात वर्षांखालील मुलांस तें न देण्याचा सल्ला दिला. घरच्या पेयांत साखर किती आहे हें निदान आपणांस ठाऊक असतें. मधुमेह असलेल्यांनीं मात्र याच्या वाटेस जाऊं नये.

इतर फळांविषयीं थोडक्यांत. कलिंगडाच्या रसांत साखर कमी, म्हणून तो तसाच गोठविल्यास दगड होतो. हापूसचा रस उलट पुरेसा गोड व दाट. त्यांत साखर न घालतां थोडें पाणी घालावें. कैरीचें पन्हें उत्तम जमतें. जांभळाचा रंग सुरेख येतो, पण त्याचा तुरटपणा थंडींत अधिक जाणवतो असें आमचें मत झालें.

नवी लागवड करणारांनीं रातांब्याचीं कलमें लावावीं. बियांपासून वाढविलेलें झाड नर निघाल्यास सात-आठ वर्षांची वाट फुकट जाते. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची ‘कोंकण अमृता’ ही जात या कामीं पाहण्यासारखी आहे.

राहिल्या बिया. त्या टाकूं नयेत. राखेंत चोळून, धुवून उन्हांत खडखडीत वाळवाव्या, टरफल काढून गर कुटावा व पाण्यांत उकळावा. वर तरंगणारें तेल काढून घेतलें कीं निवल्यावर घट्ट होतें. त्याचे मुटके वळून ठेवतात. पावसाळ्यांत चिखलणी करून आलेल्या माणसाच्या भेगाळलेल्या टाचांस त्यासारखें दुसरें औषध आमच्या घरीं नाहीं.