गिअरबॉक्स गळतो? सील बदलण्याआधी गळतीचे मूळ शोधा

कापडाचा धंदा आणि ट्रक यांचे नाते फार जुने आहे. मालेगावच्या मागावर विणलेले कापड भिवंडीच्या गोदामात पोहोचते ते ट्रकच्या चाकांवरच. म्हणून आम्हा व्यापाऱ्यांनाही गाडीची थोडीबहुत माहिती ठेवावी लागते.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेन्झ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ साली हा करार संपला आणि गाडीच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला. त्या जमान्यातले ट्रक लांब पल्ल्याच्या वाहतुकीतून केव्हाच बाद झाले. तरी कोणी वडिलांची निशाणी म्हणून, तर कोणी हौस म्हणून अशी गाडी सांभाळून आहे. या मालकांची एक तक्रार नेहमी कानावर येते. गिअरबॉक्सखाली तेलाचे डबके साचते, सील दोनदा बदलले, पण गळती काही थांबत नाही.

ताग्यावर तेलाचा डाग दिसला तर आम्ही नुसता डाग धुऊन गप्प बसत नाही, आधी माग तपासतो. गिअरबॉक्सचेही तसेच आहे. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. गाडी पळताना वाऱ्याने तेल मागे सरकते आणि भलत्याच जागेवरून टपकते.

मूळ कसे शोधावे?

प्रथम गिअरबॉक्स रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडा पुसावा. त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरावी. पाच-सात किलोमीटर फेरी मारून यावे. गाडी सपाट जागी लावून चाकांना ठोकळे द्यावेत आणि खाली मांजरपाटाचा पांढरा तुकडा अंथरावा. पुडीवर जिथे पहिली ओली रेघ उठते तिथे गळतीचे मूळ समजावे. कापडावरचा डागही बोलतो. काळे तेल बहुधा इंजिनाचे असते. पिवळसर-तपकिरी, गंधकासारखा उग्र वास येणारे तेल गिअरबॉक्सचे असते. हा फरक ओळखला नाही तर इंजिनाच्या दोषासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी फुकट जाते.

बिनखर्चाची कारणे आधी

गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी लहानसा ब्रीदर असतो. वर्षानुवर्षांची धूळ आणि चिखल बसून तो बंद होतो. तेल तापले की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही, मग ती चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. ब्रीदर काढून धुवावा आणि फुंकर मारून पाहावी. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

दुसरे कारण म्हणजे जास्त भरलेले तेल. गाडी सपाट जागी उभी असताना तेल भरण्याच्या बुचाच्या खालच्या काठापर्यंतच असावे. ‘गळतेच आहे, म्हणून थोडे जास्त भरू’ हा हिशेब उलटा पडतो. ड्रेन प्लगखालचा तांब्याचा वॉशर चेपून बसला असेल तर तोही बदलावा.

सील का टिकत नाही?

मागच्या फ्लँजवर सीलची धार ज्या जागी घासते तिथे बोट फिरवून पाहा. नखाला खाच लागली तर नवे सीलही गळणार. अशा वेळी फ्लँज बदलावा, त्यावर पातळ स्लीव्ह चढवावी किंवा जागा असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवावे. शाफ्ट हलवून पाहा. बेअरिंग झिजून शाफ्ट डोलत असेल तर आधी बेअरिंग बदलावे. सील बसवताना ओठ तेलाच्या बाजूला ठेवावा, त्याला ग्रीस लावावे आणि सारख्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी समान ठोकावे. जुन्या बनावटीचे चामड्याचे सील असेल तर ते आधी तेलात भिजवावे.

इंजिनाकडच्या बाजूला अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये सील नसतेच. शाफ्टवरचे आटे तेल मागे वळवतात आणि बेअरिंगच्या झाकणातल्या छिद्रातून ते परत आत जाते. पॅकिंग उलटे बसले तर हे छिद्र बुजते आणि तेल थेट क्लचकडे जाते. पॅकिंग कापतानाही मूळ जाडीच ठेवावी, कारण काही ठिकाणी बेअरिंगचे अंतर त्या जाडीवर ठरलेले असते.

तेल कोणते घालावे?

गळती कमी व्हावी म्हणून काही जण तेलात ग्रीस मिसळतात. घट्ट झालेले हे मिश्रण बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. कंपनीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच घालावा. पितळी रिंगा असलेल्या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ मागितले असेल तर ‘भारी’ म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातल्या काही तेलांचे रसायन पितळ खाते.

हा प्रश्न फक्त डबक्याचा नाही. तेल क्लच प्लेटवर गेले तर कसारा घाटाच्या चढावर गाडी ओढत नाही. ज्या गाडीत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे असतो, तिथे तेल लागले की उतारावर ब्रेक धरत नाही. मग माल बाजूलाच राहिला, माणसाच्या जिवावर बेतते. आणि तेल संपून गिअर खाल्ले गेले तर आज त्या जुन्या गिअरचा जोड सहजासहजी मिळत नाही. सील बाजारात मिळते, मापाने शोधताही येते. म्हणून मालकाने मिस्त्रीला ‘सील बदल’ असे सांगू नये. ‘तेल कुठून येते ते मला दाखव’ असे सांगावे, आणि त्याने दाखवल्यावरच पान्याला हात लावू द्यावा.